उसाचे पाणी उसाला

साखर कारखान्याच्या गव्हाणीत एक टन ऊस पडतो, तेव्हा त्याच्यासोबत सुमारे ७०० लिटर पाणी पडते. उसाच्या वजनाचा सत्तर टक्क्यांच्या आसपासचा भाग पाणीच असतो. साखर निघते ती टनामागे १०० ते १२० किलो. दिवसाला ५,००० टन गाळप करणाऱ्या कारखान्यात शेतकरी ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांतून रोज ३५ लाख लिटर पाणी आणून ओततात. दहा हजार लिटरच्या टँकरने तेवढे पाणी आणायचे म्हटले, तर साडेतीनशे खेपा होतील. कारखान्याच्या दारात लागलेली वाहनांची रांग एका अर्थी पाण्याचीही रांग असते. यातले किती पाणी परत शेतात नेता येईल आणि तेही ठिबकच्या बारीक छिद्रातून, हा प्रश्न रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि मृदाशास्त्र या तिन्हींना एकाच बांधावर आणतो.

पाणी जाते कुठे?

आधी हिशेब पाहू. ऊस पिळल्यावर उरणारे चिपाड, म्हणजे बगॅस, वजनाने निम्मे ओलेच असते. टनामागे दीडशे लिटरच्या आसपास पाणी त्याच्याबरोबर बॉयलरच्या भट्टीत जाते आणि धुराड्यातून निघून जाते. थोडे प्रेसमडमध्ये, म्हणजे रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळात, राहते, अगदी थोडे मोलॅसिसमध्ये (मळीत). बाकीचे, ठोकळ मानाने टनाला ५०० लिटर, रस आटवताना वाफ होऊन सुटते. ५,००० टनांच्या गाळपाला हे २५ लाख लिटर झाले.

गुऱ्हाळात काहिलीवरची वाफ छपराकडे जाते आणि हवेत विरते. साखर कारखान्यात ती पकडली जाते. याचे श्रेय नॉर्बर्ट रिल्यू या अभियंत्याकडे जाते. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्समध्ये १८०६ साली जन्मलेला हा स्वतंत्र कृष्णवर्णीय तरुण पॅरिसमध्ये शिकला. त्या काळी लुइझियानातल्या मळ्यांवर गुलाम मजूर उघड्या कढयांतून उकळता रस पळ्यांनी एका कढईतून दुसरीत उपसत असत. इंधन अमाप लागे आणि माणसे भाजत. रिल्यूने कढया बंद केल्या आणि एकापुढे एक जोडल्या. पहिल्या पात्रातल्या रसाची वाफ दुसऱ्या पात्राला उष्णता देते, दुसऱ्याची तिसऱ्याला. पुढच्या प्रत्येक पात्रात हवेचा दाब कमी ठेवलेला असतो, म्हणून तिथला रस कमी तापमानालाही उकळतो. १८४३ साली त्याला या पद्धतीचे पेटंट मिळाले. आजच्या प्रत्येक साखर कारखान्यातली बाष्पीभवन पात्रे याच तत्त्वावर चालतात.

हेतू होता इंधन वाचवण्याचा, पण त्यातून पाणीही हाती आले. दुसऱ्या पात्राला उष्णता देऊन झालेली वाफ थंड होऊन पाणी बनते. कारखान्याच्या भाषेत हे कंडेन्सेट. बॉयलरच्या स्वतःच्या वाफेचे कंडेन्सेट शुद्ध असते, ते परत बॉयलरमध्ये जाते. उसाच्या रसाच्या वाफेचे कंडेन्सेट जवळजवळ ऊर्ध्वपातित पाणीच, पण त्यात साखरेचा अंश, किंचित अमोनिया आणि सेंद्रिय आम्ले उतरलेली असतात. कारखाना ते चिपाडावर फवारतो, चुना कालवायला वापरतो, प्रेसमड धुवायला वापरतो. तरीही काही उरते.

पाणी सांडपाणी कसे होते?

शेतात न्यायच्या पाण्याचा दुसरा स्रोत इतका सोज्वळ नाही. मिलच्या बेअरिंगमधून ठिबकणारे तेल, पंपाच्या ग्लँडमधून गळणारा रस, फरशी धुतलेले पाणी, फवारा तळ्यातून ओसंडणारे पाणी, आणि बाष्पीभवन पात्रांतली खपली काढताना वापरलेला कॉस्टिक सोडा, हे सगळे गटारात एकत्र येते. त्यात खरा त्रास देते ती साखर.

हे विचित्र वाटेल. साखर विष नाही. पण ती सूक्ष्मजीवांचे आवडते खाद्य आहे आणि ती खाताना ते पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. एक किलो साखरेचे पूर्ण विघटन व्हायला १ किलोपेक्षा थोडा जास्त ऑक्सिजन लागतो. साधारण २५ अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात तो जेमतेम ८ मिलिग्रॅम विरघळलेला असतो. भागाकार केला तर एक किलो साखर सव्वा लाखाहून अधिक लिटर पाण्यातला ऑक्सिजन खाऊ शकते. कारखान्याखालच्या ओढ्यात मासे उलटे तरंगतात, त्यामागे पुष्कळदा हेच गणित असते.

ही भूक मोजायच्या मापाला बीओडी म्हणतात. साखर कारखान्याच्या कच्च्या सांडपाण्यात ती लिटरला हजार मिलिग्रॅमच्याही वर जाऊ शकते. नदी-ओढ्यात सोडायच्या पाण्याला मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची आणि जमिनीवर सोडायच्या पाण्याला १०० मिलिग्रॅमची. जमिनीला जास्त सूट आहे, कारण मातीतले जीवाणू उरलेले काम पुरे करतात. केंद्र सरकारच्या २०१६च्या अधिसूचनेने आणखी एक बंधन घातले: शुद्ध केलेले सांडपाणी टनामागे १०० लिटरपेक्षा जास्त बाहेर पडता कामा नये. आपल्या ५,००० टनी कारखान्यासाठी हे दिवसाला ५ लाख लिटर. उसाला रोज ४ मिलिमीटर पाणी द्यायचे धरले तर एकराला सुमारे १६,००० लिटर लागतात. म्हणजे नुसत्या या पाण्यावर तीस एकर ऊस ठिबकवर राहू शकतो. उरलेले कंडेन्सेट थंड करून त्यात मिसळले तर क्षेत्र आणखी वाढते.

थेंबाचे यंत्र

ठिबकची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. १९३०च्या दशकात, तेव्हाच्या पॅलेस्टाइनमध्ये, सिम्खा ब्लास या जलअभियंत्याला एक झाड भोवतालच्या झाडांपेक्षा फार मोठे झालेले दिसले. कोणी पाणी घालत नसताना. उकरल्यावर जवळच्या नळाची गळती सापडली. त्या गळतीचे यंत्र व्हायला प्लॅस्टिकची वाट पाहावी लागली. १९६५ साली हात्झेरिम या किबुत्झबरोबर, म्हणजे सामूहिक शेतवसाहतीबरोबर, त्याने ड्रिपरचे उत्पादन सुरू केले. त्यातून नेटाफिम ही कंपनी उभी राहिली. महाराष्ट्रात ठिबक रुजवण्यात जळगावच्या भवरलाल जैन यांच्या उद्योगाचा मोठा वाटा आहे. २०१७ मध्ये राज्य सरकारने उसाला टप्प्याटप्प्याने ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला.

ताशी २ लिटरचा ड्रिपर सेकंदाला दहा-अकरा थेंब टाकतो. नळीतला दाब थेट बाहेर पडला तर चिळकांडी उडेल. म्हणून ड्रिपरच्या पोटात एक नागमोडी वाट कोरलेली असते. पाणी तीत आपटत, वळत, दाब गमावत पुढे जाते आणि तोंडाशी थेंब होऊन पडते. या वाटेची रुंदी मिलिमीटरच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी.

मग सांडपाण्यासाठी इतकी नाजूक व्यवस्था कशाला? पाटानेच का देऊ नये? उत्तर एका मराठी शब्दात आहे: वाफसा. मातीच्या पोकळ्यांत ओल आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असतात ती स्थिती म्हणजे वाफसा. सेंद्रिय द्रव्य असलेले पाणी पाटाने दिले, तर पोकळ्या भरून जातात, हवा बाहेर फेकली जाते आणि जीवाणू उरलासुरला ऑक्सिजन संपवतात. मुळे गुदमरतात, मातीला वास येतो. ठिबकने तेच पाणी थोडे-थोडे गेले, तर माती वाफशातच राहते आणि मातीतले जीवाणू हवेच्या साक्षीने त्यातली घाण पचवतात. शिवाय पाणी पानांना लागत नाही, तुषार उडत नाहीत, बांधाबाहेर वाहून जात नाही आणि किती दिले ते लिटरमध्ये सांगता येते.

शेणाने होणारी सुरुवात

गटार ते ड्रिपर हा रस्ता पायऱ्यापायऱ्यांचा आहे. आधी जाळी: चोयट्या, चिपाडाचे कण अडवण्यासाठी. मग तेल-ग्रीसचा सापळा; तेल वर तरंगते ते काढून घेतात. पुढे समतोल टाकी, कारण पात्रे धुण्याच्या दिवशी येणारे क्षारयुक्त पाणी आणि रोजचे आंबटगोड पाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि जीवाणूंना असे झटके सोसत नाहीत.

त्यानंतर जीवाणूंची टाकी. पुष्कळ ठिकाणी हंगामाच्या तोंडावर ती चालू करताना शेणकाला टाकतात. गाईच्या पोटातले सूक्ष्मजीव हेच पहिले विरजण. पण नुसत्या साखरेवर कोणाचेच अंग धरत नाही. जीवाणूंना १०० भाग बीओडीमागे ५ भाग नत्र आणि १ भाग स्फुरद लागते, आणि उसाच्या सांडपाण्यात ते पुरेसे नसते. म्हणून टाकीत युरिया आणि डीएपी टाकतात. पिकाला खत घालतात तसेच हे.

काही ठिकाणी त्याआधी ऑक्सिजनशिवायची टाकी असते. तिच्या आतून पाणी खालून वर जाते आणि जीवाणूंच्या दाणेदार गाळातून गाळले जाते. साखरेचे मिथेन होते आणि तो इंधन म्हणून जाळता येतो. ही पद्धत १९७०च्या दशकात नेदरलँड्समधील वाखेनिंगेनच्या खाट्झे लेटिंगा यांनी विकसित केली, आणि तीही बीटच्या साखर कारखान्याच्या सांडपाण्यावर. एक अडचण मात्र आहे. हवेशिवायच्या टाकीतून निघणाऱ्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. असे पाणी थेट ठिबकमध्ये गेले, तर गंधक खाणारे जीवाणू नळ्यांत पांढऱ्या बुळबुळीत जटा वाढवतात. म्हणून त्यानंतर हवेची टाकी आणि गाळ बसवण्याची टाकी या दोन्ही हव्यातच. गरम कंडेन्सेटही आधी थंड करावे लागते. उष्णतेने प्लॅस्टिकच्या नळ्या मऊ पडतात आणि चुना लवकर साखळतो.

चोकअपची तीन कारणे

शेतकऱ्याच्या तोंडी एकच शब्द असतो: चोकअप. त्यामागे कारणे तीन आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

पहिले कारण कण. अमेरिकेतल्या अॅरिझोनात काम करणारे बक्स आणि नाकायामा यांनी १९७९ च्या सुमारास पाण्याची वर्गवारी केली, ती अजूनही वापरतात. लिटरला ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी तरंगते कण असले तर धोका थोडा, ५० ते १०० मध्यम, १०० च्या वर गंभीर. म्हणजे कायद्याने जमिनीवर सोडायला चालणारे पाणी ठिबकला चालेलच असे नाही. म्हणून शेताच्या तोंडाशी आधी सँड फिल्टर आणि मागाहून डिस्क फिल्टर. नियम असा की गाळणीचे छिद्र ड्रिपरच्या वाटेच्या सातव्या ते दहाव्या भागाएवढे हवे, कारण बारीक कण एकट्याने अडत नाहीत, गर्दी करून अडतात. लॅटरलच्या, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या नळीच्या, शेवटाकडे जाताना पाण्याचा वेग कमी होत जातो, म्हणून गाळ तिथेच बसतो. ओळीच्या शेवटचे ड्रिपर आधी बंद पडतात, ते याच कारणाने. वेळोवेळी टोकाची एंडकॅप उघडून नळ्या धुतल्याशिवाय गत्यंतर नाही.

दुसरे कारण जीव. पाण्यात साखरेचा अंश असला की नळीच्या आत शेवाळासारखा चिकट थर वाढतो, आणि जे कण एरवी निघून गेले असते ते त्याला चिकटतात. यावर क्लोरीन देतात. लॅटरलच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे १ ते २ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन मिळावे इतके. टोकाला शून्य आले, तर वाटेतल्या जीवाणूंनीच ते संपवले असे समजायचे.

तिसरे कारण रसायन. रस साफ करताना कारखाना चुना वापरतो. पाण्याचा सामू (पीएच) ८ च्या वर गेला की कॅल्शियम कार्बोनेटची पांढरी खपली ड्रिपरच्या वाटेत जमते. लोह असेल तर तांबूस गाळ. त्याला आम्ल द्यावे लागते: पाण्याचा सामू चारच्या आसपास येईपर्यंत, अर्धा-एक तास, मग स्वच्छ पाण्याने धुणे. इथे दोन नियम मोडायचे नाहीत. आम्ल पाण्यात टाकायचे, पाणी आम्लात नाही. आणि आम्ल व क्लोरीन कधीही एकत्र द्यायचे नाहीत. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि तो जीव घेऊ शकतो.

सगळे नीट चालले आहे का, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. शेताच्या वेगवेगळ्या भागांतले वीस ड्रिपर निवडा, प्रत्येकाखाली सारख्याच वेळासाठी पेला धरा आणि पाणी मोजा. सर्वांत कमी आलेल्या पाच पेल्यांच्या सरासरीला सगळ्या विसांच्या सरासरीने भागा. एकूण सरासरी ४० मिलिलिटर आणि खालच्या पाचांची ३० असेल, तर उत्तर ७५ टक्के. नव्वदच्या वर उत्तम, ऐंशीच्या खाली गेले की धुणे आले. हंगामाच्या सुरुवातीचा आकडा लिहून ठेवला, तर पुढचा प्रत्येक आकडा बोलू लागतो.

गाळणीतून सुटते ते

ड्रिपर कडक परीक्षक आहे, पण तो एकच विषय तपासतो: जे अडते ते. विरघळलेले मीठ त्याच्या वाटेतून बिनदिक्कत जाते. ते तपासते माती, आणि तिचा निकाल लागायला वर्षे लागतात.

यात सर्वाधिक घातक सोडियम, आणि तो येतो कॉस्टिक सोड्यातून. काळ्या जमिनीतल्या चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहतात ते मुख्यतः कॅल्शियममुळे. सोडियमने त्याची जागा घेतली की कण सुटे होतात, फुगतात, पोकळ्या बुजवतात. मग पाणी मुरत नाही, हवा खेळत नाही आणि ज्या वाफशासाठी ठिबक केले तोच हरवतो. नीरा, प्रवरा, कृष्णेच्या कालव्यांखाली अतिपाण्याने खारावलेल्या, चोपण झालेल्या जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. म्हणून पाण्याची विद्युतवाहकता आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती, ही दोन मापे बीओडीइतकीच महत्त्वाची. सर्वांत सोपा उपाय कारखान्यातच आहे: पात्रे धुतलेले कॉस्टिकचे पाणी वेगळे ठेवून पुन्हा वापरायचे, शेताच्या ओळीत येऊच द्यायचे नाही. जमिनीचा मगदूरही पाहावा लागतो. २०१६च्या त्याच अधिसूचनेत वालुकामय जमिनीला हेक्टरी दिवसाला २२५ ते २८० घनमीटर पाणी चालते, तर चिकणमातीला फक्त ३५ ते ५५.

ठिबकखाली मिठाची चालही निराळी असते. ओलावा कांद्याच्या आकारात पसरतो आणि मीठ त्याच्या कडेला ढकलले जाते. मुळे मधल्या सुरक्षित भागात राहतात. पण वळवाची हलकी सर आली की कडेचे मीठ विरघळून आत, मुळांकडे सरकते. म्हणून अशा शेतात पहिल्या हलक्या पावसात ठिबक बंद करू नये, उलट चालू ठेवावे. पाऊस पडत असताना मोटार चालू ठेवणारा शेतकरी वेडा वाटेल, पण त्यामागे हे कारण असते. जोराचा पाऊस मग मीठ खाली नेतो, अर्थात निचरा असेल तरच.

आणि एक पाणी या चर्चेबाहेरचे आहे: मोलॅसिसपासून अल्कोहोल करताना निघणारा स्पेंटवॉश. एका लिटर अल्कोहोलमागे तो ८ ते १५ लिटर निघतो आणि त्याची बीओडी लिटरला ४०,००० मिलिग्रॅमच्या घरात असते. तो आटवून जाळतात किंवा प्रेसमडमध्ये मुरवून खत करतात. त्याचा रंग आणि क्षार पाहता ठिबकच्या नळीत त्याला जागा नाही.

इतर पिकांचे पाणी

पिकावर प्रक्रिया झाली की सांडपाणी आलेच, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. ऑलिव्ह तेलाच्या घाण्याचे काळे पाणी फिनॉलयुक्त असते आणि कोवळ्या रोपांना ते मारते; इटलीने १९९६च्या कायद्याने ते शेतात पसरायला परवानगी दिली, पण जुन्या पद्धतीच्या घाण्याचे हेक्टरी वर्षाला ५० घनमीटर आणि अपकेंद्री यंत्राचे ८० एवढेच. वाइनरीत टाक्या धुताना सोडियमऐवजी पोटॅशियमचा अल्कली वापरला, तर तोच क्षार द्राक्षवेलीला काही प्रमाणात खत ठरतो. दुधाच्या प्रकल्पात अडचण स्निग्धांशाची, बटाट्याच्या प्रकल्पात पिठाची. सगळीकडे शहाणपण एकच: पाणी घाण झाल्यावर साफ करण्यापेक्षा, कशाने घाण करायचे ते कारखान्यात ठरवणे स्वस्त पडते.

उसाच्या बाबतीत काळाचा मेळही बरा आहे. गाळप पावसाळ्यानंतर सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपते, म्हणजे सांडपाणी कोरड्या महिन्यांत येते. पण मे महिन्यात खोडव्याला सर्वाधिक तहान लागते, तेव्हा कारखाना बंद झालेला असतो. हे पाणी विहिरीची जागा घेत नाही. विहिरीवरचा हिवाळ्याचा भार उचलते, म्हणजे उन्हाळ्यासाठी तिच्यात चार हात पाणी उरते. शुद्ध केलेल्या पाण्याची पंधरा दिवसांची साठवण ठेवणे बंधनकारक आहे, ते थंडीत गरज कमी असताना कामी येते.

१९५०च्या अखेरीस प्रवरानगरला सहकारी कारखान्याचे पहिले गाळप झाले, तेव्हापासून सहकारी कारखान्यांत ऊस आणि कारखाना यांचा मालक एकच आहे: सभासद शेतकरी. उसातून गेलेले पाणी त्याच्याच विहिरीचे, कालव्याच्या त्याच्याच पाळीचे. ते परत येते, तेव्हा त्याच्याबरोबर काय आले हे पाहण्याचे कामही त्याच्याकडेच येते. हंगाम संपल्यावर तो एंडकॅप उघडतो. आधी काळपट पाणी येते, मग गढूळ, मग निवळशंख, आणि पाच मिनिटांत ड्रिपरचा निकाल लागतो. त्याच दिवशी त्याने ओळीतली मूठभर माती पिशवीत भरून तपासणीला पाठवली पाहिजे. तिचा निकाल उशिरा येतो, पण पुढच्या वर्षी या पाण्यावर लागण करायची की नाही, ते तोच ठरवतो.